मागे फिरलेलं इंजिन

भंगारवाला चारला टेम्पो घेऊन येणार होता, आणि इंजिन काही केल्या हलायला तयार नव्हतं. मिस्त्री आठ दिवस त्याच्या मागे हात धुऊन लागला होता. नोझल काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि पातळ तेल ओतून झालं, रोज सकाळी थोडं आणखी. पण ढिम्म! बाबा गेल्यापासून दोन वर्षं ट्रॅक्टर शेडमध्ये उभा, आत गंज धरलेला. ताईने बजावलं होतं, "आज फिरलं तर ठेवू. नाहीतर मला ही जागा मोकळी हवी."

याच इंजिनपायी तर मिस्त्री, ताईचा धाकटा भाऊ, घर सोडून गेला होता. तीस वर्षांपूर्वी असंच जाम झालेलं असताना ते फिरवायला त्याने पान्याला लांब पाइप लावून जोर केला आणि पुढच्या पुलीचा बोल्ट ताडकन मोडला. चार माणसांदेखत बाबा म्हणाले, "तू कसला मिस्त्री होणार, डोंबल!" झालं. स्वारी जी गेली, ती दुसऱ्या गावात स्वतःचं गॅरेज काढूनच थांबली. पुढे येणंजाणं चालू राहिलं, पण या ट्रॅक्टरला त्याने पुन्हा हात म्हणून लावला नाही.

आता चाकाबरोबर इंजिनही फिरावं म्हणून ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये टाकून, मागच्या चाकाच्या खाचेत पहार घालून दोघं चाक पुढे रेटत होती. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. दम लागून बसायची वेळ आली.

"मागे रेटून बघ," ताई म्हणाली.

"आता तू मला शिकव! तीस वर्षं हेच करतोय मी."

"कर की मग. चारला पाच कमी आहेत."

चरफडत त्याने पहार दुसऱ्या बाजूने घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून कट्ट आवाज झाला आणि चाक वीतभर मागे सरकलं. मग पुढे, मग पुन्हा मागे. मिस्त्री पोरासारखा ओरडला. ताईने तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

"तुला गं कसं ठाऊक हे?"

"तू गेलास आणि दुसऱ्याच महिन्यात बाबांनीही पाइप लावला. त्यांचाही बोल्ट मोडला. मग बसले डोकं धरून, आणि तेव्हा कुठे ही युक्ती सुचली त्यांना."

मिस्त्री आधी खो खो हसला. मग त्याने पहार खाली ठेवली.

"मला का नाही सांगितलं कधी?"

"सांगायलाच फोन लावायचे रे. तू उचललास की घाबरून माझ्या हातात द्यायचे."

त्याला ते सगळे फोन आठवले. ताई दर वेळी "सहज केला" म्हणायची, आणि हा कामात आहे म्हणून ठेवून द्यायचा.