दोन खांडीची

बाबांच्या पत्र्याच्या पेटीत चौदा वस्तू होत्या. सातबाऱ्याचे उतारे तीन, जुनी पंचांगं पाच, चष्मे दोन, निळं बॉलपेन एक, आईबाबांचा लग्नानंतर पेणला जाऊन काढलेला फोटो एक, बांध सरळ आहे का ते बघायचा ओळंबा एक आणि मृत्युपत्र एक. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या ओटीवर ओळीने मांडल्या, मोजल्या आणि वहीच्या पानावर लिहिल्या. दादाने, नाथाकाकांनी आणि मी खाली सह्या केल्या, आईने अंगठा दिला. तारीख होती अठ्ठावीस नोव्हेंबर १९९४.

मृत्युपत्र एक पानाचं होतं, बाबांच्या हातचं. साक्षीदार नाथाकाका, बाबांचे धाकटे भाऊ, आणि गावच्या शाळेतले एक गुरुजी, जे पुढे वर्षभरात वारले. मजकूर सहा ओळींचा. चौथी ओळ अशी होती: "दोन खांडीची जमीन मुलगी नम्रता हिस द्यावी. बाकी सर्व मुलगा हरेश यास."

दादाने ओळ वाचली, पान खिडकीकडे धरलं आणि म्हणाला, "इथं खंडीची आहे."

आमच्या दोन जमिनी. एक माळाकडची, तिच्यात वर्षाला दोन खंडी भात होतं. दुसरी खाली खाडीच्या बांधाला लागून, तिच्यात पाच खंडी. खंडी म्हणजे भाताचं माप, आणि आमच्याकडे जमीनही त्याच मापाने सांगतात. खांड म्हणजे उधाणाच्या पाण्याने बांधाला पाडलेलं भगदाड. माझ्या जन्माच्या आधी एका उधाणात खालच्या शेतासमोरचा बांध दोन ठिकाणी फुटला होता. आजोबांनी तिथे दगड भरून तो बांधला. त्या दिवसापासून त्या शेताचं नाव "दोन खांडीची". तेव्हा काना असला तर खालचं शेत माझं, आणि काना नसला तर माळाकडचं.

कागदाची घडी नेमकी त्या शब्दावरून गेली होती. ओल लागून शाई पसरली होती आणि काना आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा गडद दिसत होता.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मी काय वाचतंय? तुझा बा दोन्ही म्हणायचा. दोन खंडीची, दोन खांडीची. तोंडातला घास गिळत बोलायचा तो." नंतर कोर्टातही तिने एवढंच सांगितलं. मुलाच्या विरुद्ध की मुलीच्या विरुद्ध, असं तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती तेच म्हणाली असती.

दादा रोह्याला राहत होता, कंपनीत शिफ्टला होता. मीही बी.एस्सी. झाल्यावर धाटावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते, पण पेणहून एसटीने जाऊन-येऊन करायची, कारण बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. मला शेताचा लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही. पण भांडण शेतावरून पेटलं नाही. तलाठ्याकडे नोंद लावायला गेले तेव्हा दादाची लेखी हरकत आधीच तिथे पोचली होती. तिच्यात एक वाक्य होतं: "सदर शब्दातील काना नंतर अन्य व्यक्तीने घातलेला आहे." अन्य व्यक्ती म्हणजे मी. पेटी दोन वर्षं माझ्या खाटेखाली होती.

वकिलांनी सांगितलं की रायगडात प्रोबेट सक्तीचं नाही, पण कागदावरच संशय घेतला आहे तर कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेणं बरं. मी अर्ज केला. जून १९९५. तेव्हा मला वाटलं होतं की दिवाळीपर्यंत संपेल.

इथे बांधाविषयी सांगायला हवं. खाडीचा बांध सरकारने घातलेला नव्हता, गावाने घातला होता आणि गावच तो राखत होतं. भात झोडून झालं की फाल्गुनात जोळ निघते. ज्याची जेवढ्या खंडीची जमीन, त्याने तेवढी माणसं पाठवायची, खंडीला एक. खाडीतला चिखल कापून बांधावर चढवायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची. आपापल्या शेतासमोरचा तुकडा आपापल्या माणसांनी. जोळ जो देतो तो शेताचा धनी, हे गावात सातबाऱ्यापेक्षा मोठं होतं.

१९९६ च्या फाल्गुनात नाथाकाका घरी आले. जोळीचा हिशेब तेच ठेवत. पाच माणसं कोणाच्या नावावर मांडू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या. संध्याकाळपर्यंत दादाचा निरोप आला की तिने जोळ दिली तर तो ताबा दाखवण्याचा प्रयत्न समजला जाईल आणि तो कोर्टात तशी तक्रार करील. नाथाकाका म्हणाले, मग काळूच्या, म्हणजे बाबांच्या, नावाने देतो, मेलेल्या माणसाला कोण हरकत घेणार? दादाने त्यालाही हरकत घेतली.

आमच्यासमोरचे एकशे दहा फूट सोडून गावाने बांध भरला. दोन्ही बाजूंनी नवा काळा चिखल, आणि मध्ये आमचा जुना, भेगाळलेला, राखाडी तुकडा. त्या पावसाळ्यात तो टिकला. मी दर अमावास्येला आणि पौर्णिमेला जाऊन बघत होते. बाबा तसंच करायचे. पेटीतल्या पाचही पंचांगांच्या समासात त्यांनी प्रत्येक उधाणाला पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली राहिलं ते बोटांत लिहून ठेवलं होतं. चार बोटं. सहा बोटं. एका भाद्रपदात दोन. मी कॉलेजात असताना प्रकल्पासाठी याच शेतातली माती नेली होती. शंभर ग्रॅम मातीत मीठ निघालं होतं शून्य पूर्णांक सोळा शतांश ग्रॅम. बाबांना आकडा सांगितला तर त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "गोडी हाय. एवढ्यासाठी तुला रोज बसचं तिकीट?"

कोर्टात तारखा पडत होत्या. कधी दादाची शिफ्ट, कधी त्याच्या वकिलांचा दुसरा खटला, एकदा आमचेच वकील आजारी. मी वहीत लिहून ठेवत होते: अकरा तारखांपैकी काम झालं तीन वेळा. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत मला वाटलं की आपण मुद्द्यावरच जात नाही आहोत. शब्द खांडीची असेल तर खांडी दाखवता यायला हव्यात. बांधावर दोन जागी आजोबांचे दगड उघडे दिसत होते. कोर्टाने कमिशनर पाठवून पाहणी करावी असा अर्ज मी द्यायला लावला. तो मंजूर झाला. पाहणीची तारीख मिळाली वीस मार्च १९९७. मी अर्जात स्वतः एक ओळ घालून घेतली होती: पाहणी होईपर्यंत सदर बांधावर कोणतंही काम करू नये. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, नमुन्याला हात लावायचा नाही.

वीस मार्चला कमिशनर आले नाहीत. पुढची तारीख सात मे. तेव्हाही आले नाहीत. मग चौदा जून.

मेच्या अखेरीस नाथाकाका मला घेऊन रोह्याला दादाकडे गेले. त्यांना माणसं जमवून बांध भरून द्यायला चार दिवस पुरे होते. पाऊस दहा दिवसांवर होता. दादा पहिली शिफ्ट करून नुकताच जेवायला बसला होता. शांतीवहिनीने आम्हाला पाटावर बसवलं, ताटं वाढली. जिताड्याचं कालवण होतं. दोन वर्षांत मी त्या घरात पहिल्यांदा जेवत होते.

नाथाकाकांनी बांधाचं सांगितलं. खेकड्यांनी चाळण केली आहे, या भाद्रपदात राहणार नाही. दादा खाली मान घालून काटे काढत होता. मग म्हणाला, "भरा. माझी हरकत काढून घेतो. बाबांच्या नावाने जोळ द्या. भांडायचं ते पावसाळ्यानंतर भांडू."

नाथाकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "चौदा जूनला पाहणी आहे. चिखल टाकला तर दगड दिसायचे नाहीत."

"दगड गावाला माहीत आहेत गो," नाथाकाका म्हणाले. "मी सांगीन ना कोर्टात."

"तुम्ही सांगितलंत. सही बघितली, मजकूर वाचला नाय, असं सांगितलंत."

ते खरं होतं, आणि त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

दादा म्हणाला, "नमू, शेत राखायचं का काना राखायचा, ते सांग."

"काना मी घातला नाही एवढं तू लिहून दे. आज, इथे. मी आत्ता बांध भरायला सांगते."

"वकील म्हणतो ते लिहिलंय मी. मला काय कळतं त्यातलं?"

"सही तुझी आहे."

तो हात धुवायला उठला. मोरीजवळून म्हणाला, "एवढी शिकलीस. मोजत बस."

परत येताना नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा नाथाकाका एवढंच म्हणाले की काळूने तुझ्या वयात याच बांधावर रात्रंदिवस काढले होते आणि त्याला कधी कोणी विचारलं नाही की तुझ्याकडे कागद काय आहे. त्यांचा माझ्यावर राग होता की दादावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

चौदा जूनला मुसळधार पाऊस होता. पाहणी पुढे गेली.

भाद्रपदातली पौर्णिमा सोळा सप्टेंबरला होती. पितृपंधरवडा लागला. अठरा तारखेला दुपारी एकच्या सुमाराला भरती होती. मी रजा टाकून बांधावर उभी होते. भात निसवलं होतं, दाण्यात दूध भरत होतं. पाणी माथ्याखाली तीन बोटं असताना पहिल्या जुन्या खांडीच्या दगडांतून झिरपू लागलं. मी फावड्याने चिखल टाकला. धावत येऊन नाथाकाकांनी आणि आणखी दोघांनीही टाकला. पाऊण तासाने दगड आतल्या बाजूला घसरले. मग मधला सगळा बांध दुसऱ्या खांडीसकट बसला. आवाज मोठा झाला नाही. खाडीचं पाणी ताटातून आमटी सांडावी तसं शेतात पसरलं, आणि भाताची कणसं थोडा वेळ पाण्यावर उभी होती.

आई त्या दिवशी घरी बाबांच्या पानाची तयारी करत होती. तिने तांदूळ निवडायचे थांबवून विचारलं, "सगळं गेलं का गो?" मी म्हटलं, बांधाजवळचं. तिने तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

कमिशनर नोव्हेंबरात आले. माणूस सभ्य होता, पायातले बूट काढून चिखलात उतरला. त्याने टेप धरायला मला सांगितलं. दादाही आला होता, पलीकडे उभा होता. अहवालात लिहिलं गेलं: बांधावर एक खांड आढळली, रुंदी अडतीस फूट. अर्जदार म्हणतात त्या दोन खांडी दिसून आल्या नाहीत.

दादाच्या वकिलांनी पुढच्या तारखेला तेवढंच वाचून दाखवलं. कोर्टातले दोघेतिघे हसले. दादा हसला नाही.

निकाल एप्रिल १९९८ मध्ये लागला. न्यायाधीशांनी मूळ कागद मागितला. तीन वर्षांत तो पाकिटातून पहिल्यांदा बाहेर आला. त्यांनी तो उलटा केला, खिडकीशी तिरपा धरला आणि भिंगातून पाहिला. बॉलपेन दाबून लिहिलं की कागदाच्या पाठीवर उठाव येतो. बाबा फार दाबून लिहायचे. कान्याचा उठाव शेजारच्या अक्षरांइतकाच होता, आणि पुढच्या अक्षराची रेघ त्याच्यावरून गेली होती. म्हणजे काना आधीचा. मी कोर्टातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघत होते. त्यांना चार मिनिटं लागली. मूळ कागद तिरपा धरून बघावा असा अर्ज आमच्यापैकी कोणी केला नव्हता. मी मागितली होती ती बांधाची पाहणी. कारखान्यात माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता.

कोर्टाबाहेर दादा चहाच्या टपरीपाशी थांबला होता. मी जवळ गेल्यावर त्याने माझ्या पायांकडे बघत म्हटलं, "मिळाला तुझा काना."

मी म्हटलं, "हो."

त्याने दोन चहा सांगितले. आम्ही उभ्यानेच प्यायलो. तो रोह्याच्या गाडीला गेला, मी पेणच्या.

प्रोबेटची प्रत मेच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आली. तलाठ्याने नोंद घेतली. नाथाकाकांनी जोळीच्या वहीत बाबांच्या नावावर रेघ मारून माझं नाव लिहिलं: नम्रता काळुराम, पाच खंडी, पाच माणसं. त्यांनी खांड भरून घेतली. चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी मी शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून अशी पाच जागची माती घेतली. वर पांढरा थर आला होता. तो बाजूला करून वीतभर खालची घेतली, एकत्र केली, वाळवली, कुटली, चाळली. शंभर ग्रॅम वजन करून शुद्ध पाण्यात रात्रभर ठेवली, गाळली, पाणी आटवलं. कॉलेजात केली होती तीच पद्धत. तीनदा केलं आणि सरासरी घेतली.

शंभर ग्रॅम मातीत मीठ: दोन पूर्णांक एकाहत्तर शतांश ग्रॅम.