माझ्या मापाची निळी ताडपत्री

मी एक जुनी ताडपत्री आहे. मित्रांनो, ताडपत्री म्हटलं की तुम्हाला ट्रकवर बांधलेली किंवा सोयाबीनच्या ढिगावर टाकलेली ताडपत्री आठवेल. मी तशी नव्हते. मी एका तंबूची होते. आत पातळ पांढऱ्या कापडाचा तंबू आणि त्याच्यावर मी, अशी आमची जोडी होती. ऊन, वारा, पाऊस सगळं आधी माझ्या अंगावर यायचं. त्यातलं काही तंबूपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं.

माझा जन्म सोलापूरचा. जाड सुती कापडाला मेण चढवून मला तयार केलं आणि माझ्या कडांना पितळी रिंगा ठोकल्या. सास्तूरच्या बब्रुवानअण्णांनी आम्हा दोघांना एकाच दुकानातून, एकाच दिवशी घरी आणलं. अण्णांचं कुलदैवत सोनारीचा काळभैरव. दर चैत्रात घरातली माणसं टेम्पोत बसून यात्रेला जायची आणि देवळापासून जरा लांब, शेताच्या कडेला तंबू ठोकून राहायची. अण्णांच्या पत्नी सारजाबाई तीन दगडांची चूल मांडायच्या. त्यांचा मुलगा रणधीर खुंट्या ठोकायचा. येणारीजाणारी माणसं थांबून म्हणायची, "तंबू झ्याक हाय की." ही स्तुती खरं तर तंबूची, पण ती मी माझ्याकडेच ठेवून घ्यायचे. बाहेरून दिसायची ती मीच ना!

पुढे रणधीरचं लग्न झालं, राजेश्वरी सून म्हणून घरात आली. यात्रा चालूच राहिली. एका वर्षी परतायची घाई होती म्हणून मला ओलीच गुंडाळली आणि तशीच माळ्यावर टाकली. पुढच्या चैत्रात उलगडली तेव्हा माझ्या अंगावर काळे डाग पडले होते आणि कुबट वास येत होता. मेण तर कधीच उडालं होतं. घड्यांवर कापड विरलं होतं. तरी मी उभी राहत होते.

सोनारीत माकडं फार. त्या वर्षी लिंबाच्या झाडावरून एका दांडग्या हुप्प्याने थेट माझ्यावर उडी मारली आणि मी टर्रकन फाटले. त्याने फटीतून आणि खालच्या तंबूच्या उघड्या झरोक्यातून आत हात घातला, खांबाला टांगलेल्या टोपलीतली भाकरी उचलली आणि तिथेच बसून खाल्ली. आजूबाजूचे लोक पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी पावसाचे चार थेंब आले आणि ते सगळे माझ्या फटीतून सारजाबाईंच्या अंथरुणावर पडले.

घरी आल्यावर रणधीर म्हणाला, "अण्णा, टाकून देऊ हे सगळंच. आता बाजारात हलके तंबू मिळतेत. पाठीवरच्या पिशवीत मावतेत."

अण्णांनी पांढरं कापड हाताने चाचपून बघितलं. "आतला तंबू चांगला हाय की. त्याला काय झालंय? वरचंच तेवढं बदलू."

वरचंच तेवढं! माझ्या इतक्या वर्षांच्या उन्हापावसाला अण्णांनी या दोन शब्दांत गुंडाळलं. तंबू चांगला राहिला तो कुणामुळे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तंबूही गप्पच राहिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा राग आला.

मला लोहाऱ्याला लालमहंमदभाईंच्या दुकानात नेलं. ते ताडपत्र्या आणि पिशव्या शिवायचे. त्यांनी निळ्याशार कापडाचा तागा काढून फरशीवर सोडला. ते कापड आतून रुपेरी होतं आणि चालताना सळसळ वाजत होतं. रणधीर त्यावरून हात फिरवत राहिला. माझ्यावरून त्याने असा हात कधी फिरवला होता, ते मी आठवत होते. आठवलं नाही.

"काका, माप काय घेऊ?" लालमहंमदभाईंनी अण्णांना विचारलं.

"टेप लावा की."

"टेपनं झोळ पडतो. ही जुनी तुमच्या तंबूवर बसून बसून त्याच्या अंगाची झालीय. हिचीच शिलाई उसवतो आन् हिच्यावरून कापतो."

मग त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सायराबीचाचींनी मिळून माझ्या कोपऱ्यांच्या शिवणी उसवल्या. मला सपाट केलं आणि त्या निळ्या कापडावर पसरलं. सायराबीचाचींनी कडेकडेने खडूची रेघ ओढली. मित्रांनो, माझी जागा घेणारीला आकार द्यायचं काम माझ्याच अंगावर आलं होतं. तंबूचा कुठला खांब जरा उंच आहे, कुठल्या बाजूला तो कलतो, हे सगळं मला वर्षानुवर्षांच्या ओढाताणीतून कळलं होतं. तिला ते एका दुपारीत फुकट मिळालं. माझ्या पितळी रिंगासुद्धा काढून तिला लावल्या.

सास्तूरला अंगणात तंबू उभा करून बघितला. आळीतली माणसं जमली.

"रंग लई भारी हाय," राजेश्वरी म्हणाली.

सारजाबाई म्हणाल्या, "तंबू निस्ता नवा झाल्यासारखा दिसायलाय."

मी तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात पडले होते. माझ्यावर तुरीची डाळ वाळत घातली होती. कोंबड्या चोच मारत होत्या आणि मी त्या निळीकडे बघत होते. ती तंबूच्या अंगाला इतकी बिलगून बसली होती की मधून वारासुद्धा गेला नसता. तिच्यावर कोंबडी बसावी, तिचा रंग उडावा, तिची एखादी शिवण सुटावी, असं मला सारखं वाटत होतं. यातलं काहीच झालं नाही.

पुढच्या चैत्रात टेम्पो भरताना अण्णा म्हणाले, "ती जुनी पण घ्या रे. रानात सराट्याचे काटे हायेत. खाली अंथरू."

अशी मी पुन्हा सोनारीला गेले. पण या वेळी वर नाही, खाली. लोक माझ्यावर पाय देऊन आत यायचे. वर बघावं तर ती. माकडं आली, तिच्यावर बसली, घसरली आणि निघून गेली. तिला ओरखडासुद्धा उठला नाही. बाहेरून कुणीतरी म्हणालंच, "तंबू झ्याक हाय की." ती स्तुती तिने ठेवून घेतली असणार. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं, म्हणूनच मला ते सहन होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ अचानक काळं झालं. धुळीचा लोट उठला आणि गारा सुरू झाल्या. घरातली माणसं धावत आत आली. पाठोपाठ चुरमुऱ्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई दारात थबकली.

"आत येऊ का, आक्का? सगळा माल भिजंल."

"ये की. बस," सारजाबाई म्हणाल्या आणि सरकल्या. त्या बाईचं नाव शांतम्मा. ती पाटी मांडीत धरून माझ्यावर बसली.

गारा ताडताड वाजत होत्या. खांब करकरत होता. रणधीरने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. खरं सांगते, एक तरी गार त्या निळीच्या आरपार यावी, अशी मी वाट बघत होते. मग कळेल यांना, असं माझ्या मनात होतं. पण ती आली असती तर खाली सारजाबाई होत्या, शांतम्माचे चुरमुरे होते, आणि सगळ्यांच्या खाली मी होते. आता माझ्यात पाणी अडवायची ताकद नव्हती.

हळूहळू आवाज कमी झाला. शांतम्माने पाटीवरचं फडकं उचलून बघितलं. सारजाबाईंनी मात्र हात खाली आणला आणि माझ्यावर तळवा टेकवला. इकडे टेकवला, तिकडे टेकवला.

"कोरडी हाय," त्या म्हणाल्या. "सगळी कोरडी हाय."

मित्रांनो, एवढ्या पावसात मी जन्मात कधी कोरडी राहिले नव्हते. बाहेर गारांचा खच पडला होता आणि मला एक थेंब लागला नव्हता. वर ती निळी भिजून जड झाली होती. तिच्या कडांवरून पाणी ओघळत होतं, जसं पूर्वी माझ्या कडांवरून ओघळायचं. तिला थंडी वाजत असेल, हे मला ठाऊक होतं. तंबूत बसलेल्यांपैकी दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

माझा हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. तो अजून आहे. ती आजही सुंदर दिसते आणि आजही मला ते आवडत नाही. पण त्या संध्याकाळी राजेश्वरी तिला ओलीच गुंडाळायला निघाली, तेव्हा माझा जीव वरखाली झाला. अण्णा म्हणाले, "थांब पोरी. ऊन खाऊ दे तिला," तेव्हा कुठे मी शांत झाले.

म्हणून तुम्हालाही सांगते. तंबू असो, छत्री असो की रेनकोट, ओला कधी गुंडाळून ठेवू नका. आणि घरात नवी वस्तू आणाल तेव्हा तिचं कौतुक जरूर करा. फक्त जुनी जवळपास असेल तर जरा हळू आवाजात करा. आम्हाला सगळं ऐकू येतं.