हिरव्या झाकणाचे डबे

‘ठो’ व्हायला हवं होतं, झालं ते नुसतं ‘फुस्स’. व्हर्नाने पुन्हा चाप ओढायला बोट आवळलं, तेवढ्यात नेमबाजी क्लबाची देखरेख करणारा हार्लन मागून ओरडला.

“थांबा! मिस व्हर्ना, बोट बाहेर!”

ती थांबली. रांगेतल्या बाकीच्यांनीही आपापली पिस्तुलं खाली ठेवली. हार्लनने तिच्या हातातलं रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्र उघडून काडतुसं काढली आणि नळीत पितळी कांब घातली. कांब अर्ध्यावर अडली. गोळी नळीतच रुतून बसली होती. मागून दुसरी सुटली असती तर नळी फुटली असती, आणि व्हर्नाच्या हाताचं काय झालं असतं हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती.

काडतुसं डेल्बर्टची होती. व्हर्नाचा नवरा डेल्बर्ट हास मागच्या बाकावर बसून थर्मासमधली कॉफी ओतत होता. झाडलेली रिकामी काडतुसं गोळा करायची, त्यात नव्याने दारू भरायची, वर गोळी बसवायची, हा उद्योग तो चाळीस वर्षं घरच्या गॅरेजमध्ये करत आला होता. स्वतःची काडतुसं लाल झाकणाच्या डब्यात, बायकोची हिरव्या. मिझुरीच्या त्या कोपऱ्यात त्याच्या हाताला नाव होतं. हिवाळ्यात क्लबात नवशिक्यांना तोच शिकवायचा.

“यात दारूच पडलेली नाही,” हार्लन म्हणाला. “डेल्बर्ट, भरायला विसरलात का?”

“विसरलो असेन,” डेल्बर्ट म्हणाला, आणि त्याने थर्मासचं झाकण लावलं.

व्हर्नाने वळून त्याच्याकडे पाहिलं. एक स्क्रू हरवला तर तीन दिवस गॅरेज पालथं घालणारा हा माणूस. तो ‘विसरलो असेन’ म्हणून मोकळा होतो? त्याच्या थोरल्या भावाचं, एमिलचं, असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं. आता तो वृद्धाश्रमात असतो आणि व्हर्नाला नर्स समजतो.

हार्लनने तिला बाजूला घेतलं. ती शाळेची बस चालवायची तेव्हा लहानपणी तो तिच्याच बसमधून यायचा, त्यामुळे पन्नाशीतही तो तिला ‘मिस’ म्हणे आणि तिच्यासमोर त्याचा आवाज खाली येई.

“गुरुवारी बैठक आहे, मिस व्हर्ना. वहीत कारण लिहावं लागेल. विसरले असं लिहिलं, तर त्यांची काडतुसं बंद. वर्गही बंद.”

“वर्ग बंद केलास तर तो जानेवारीत करेल काय? बर्फ मोजत बसेल?”

“नियम आहे. मी तरी काय करू?”

परत येताना पिकअपमध्ये तिने विषय काढला, नेहमीसारखा चिमटा काढतच.

“फुसका बार भरलास माझ्यासाठी. इतकी नकोशी झालेय का रे?”

“नकोशी असतीस तर दुप्पट भरला असता.”

“खरं सांग. विसरलास?”

“सत्तरी ओलांडली, व्हर्ना. माणूस विसरतो.” त्याने रेडिओवरच्या बेसबॉलचा आवाज वाढवला.

पण व्हर्नाच्या डोक्यात किडा वळवळत होता. गोळी अडकली तेव्हा तिने चक्र आणि नळीमधल्या फटीतून धूर निघताना पाहिला होता. दारू नसती तर एवढा धूर आला कुठून?

मंगळवारी सकाळी डेल्बर्ट चर्चच्या तळघरात पुरुषमंडळींच्या पॅनकेकच्या न्याहारीला गेला. त्याची गाडी वळणाआड जाताच व्हर्नाने गॅरेजमधलं कपाट उघडलं. प्रत्येक खेपेतली पाच काडतुसं तो नमुना म्हणून राखून ठेवायचा. हिरव्या झाकणाचे सहा डबे ओळीने मांडलेले होते, सगळ्यात जुना नऊ वर्षांपूर्वीचा. प्रत्येकावर त्याच्या सुबक अक्षरात तारीख, गोळीचं वजन आणि दारूचं माप. माप सगळीकडे एकच.

तिने गोळीचा वेग मोजायचं यंत्र काढलं आणि डबे घेऊन तळ्याच्या बांधाशी गेली. एक बार काढायचा, निशाण म्हणून लावलेल्या पुठ्ठ्यापर्यंत चालत जाऊन भोक पडलंय याची खात्री करायची, नळी तपासायची, मगच दुसरा. दोन वेळा शेजारच्या गाई दचकून पळाल्या, मग त्यांनाही कंटाळा आला. आकडे ती एका लिफाफ्यावर टिपत गेली. सगळ्यात जुन्या डब्याचा वेग सेकंदाला सातशे चाळीस फूट. त्यानंतरच्याचा सातशे दहा. मग सहाशे ऐंशी, सहाशे पन्नास, सहाशे दहा. शेवटचा, यंदाचा, साडेपाचशेच्या आसपास.

व्हर्ना लिफाफ्याकडे बघत राहिली. विसराळू माणसाच्या हातून आकडे खालीवर होतील. हे तर जिना उतरावा तसे एकेक पायरी खाली आले होते. म्हणजे लेबल खोटं होतं; दारू दर खेपेला थोडी कमी भरली होती, आणि शेवटच्या मापात एखादी गोळी नळीतच अडकणार हे उघड होतं. काडतुसं भरणाऱ्या लोकांत बायकोशी खोटं बोललेलं एक वेळ चालतं, लेबलवर लिहिलेलं नाही.

खात्रीसाठी तिने लाल डब्यातलं, डेल्बर्टचं स्वतःचं, पूर्ण भरलेलं एक काडतूस घातलं आणि चाप ओढला. कळ मनगटातून थेट कोपरापर्यंत गेली. रिव्हॉल्व्हर हातातून निसटता निसटता वाचलं. ती गवतात बसली. एकतीस वर्षं शाळेची बस वळवलेले हात हे. क्लबाच्या स्पर्धेत लागोपाठ नऊ वर्षं बायकांत पहिली. दरवर्षी दुसऱ्या येणाऱ्या लुअॅनला ती चारचौघांत विचारायची, “मनगटं आहेत का नूडल्स?”

लेबल खोटं असलं तरी खरा हिशेब कुठेतरी असणार, एवढं ती नवऱ्याला ओळखून होती. त्याची हिशेबाची वही तिला दारू भरायच्या यंत्राखालच्या खणात सापडली. तारखेपुढे माप, मापापुढे कारण.

‘लोणच्याची बरणी मला उघडायला दिली. म्हणाली, हात ओले आहेत. माप एक खूण खाली.’

‘टर्की ओव्हनमधून काढायला हाक मारली. म्हणाली, कुत्रा पायात येतो. एक खूण खाली.’

‘पहिली आली. रात्री मनगट बर्फात घालून बसली होती. मी झोपलोय असं वाटलं तिला. एक खूण खाली.’

आणि शेवटी, तीन महिन्यांपूर्वीचं: ‘याच्या खाली जायचं नाही. आता तिला सांगायला हवं. कसं?’

पहिल्यांदा तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथल्या स्टुलावर बसून रडली. त्याचं डोकं शाबूत होतं. मग राग आला, चांगला दणदणीत. सांगायला जीभ रेटेना म्हणून हा बाबा माझ्या बोटांवर जुगार खेळला! आणि वर सगळ्या गावाने आपल्याला म्हातारचळ लागला असं म्हटलं तरी चालेल म्हणतो. रागातच तिने वही होती तशी खणात ठेवली.

 

गुरुवारी क्लबाच्या खोलीत वीसेक माणसं होती. कोणीतरी बीन्सचं मोठं पातेलं आणलं होतं. लुअॅन पहिल्याच रांगेत होती. हार्लनने क्लबाची वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

“तर मग कारण लिहितो. दारू भरायला विसरले. बरोबर ना, डेल्बर्ट?”

डेल्बर्टने मांडीवरच्या टोपीकडे बघत मान हलवली.

“काही बरोबर नाही,” व्हर्ना उभी राहिली. “तो काही विसरलेला नाही. लिही, हार्लन. माप मुद्दाम कमी केलं.”

“व्हर्ना, बस खाली,” डेल्बर्ट पुटपुटला.

“बसते. आधी त्याला लिहू दे. व्हर्ना हासच्या मनगटात पूर्ण बार झेलायची ताकद उरलेली नाही. बरीच वर्षं नाही. तिला ते कळू नये म्हणून नवऱ्याने बार हलका करत आणला. झालं लिहून?”

हार्लन लिहायचं विसरून तिच्याकडे बघत होता. कोणीच हसलं नाही. व्हर्नाला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

“आणि लेबलवर खोटं लिहिलंय त्याने,” ती म्हणाली. “बोटं माझी जायची होती. त्याची शिक्षा द्या त्याला. ती सोडू नका.”

बराच खल झाला. शेवटी वर्षभर डेल्बर्टची काडतुसं क्लबात आणायची नाहीत असं ठरलं. वर्गाचं काय, असं हार्लनने विचारलं.

“लेबलं सोडून बाकी सगळं शिकवू दे की,” लुअॅन म्हणाली. आता मात्र सगळे हसले. बाहेर पडताना तिने व्हर्नाच्या दंडाला हात लावला. मनगटाला नाही.

दोघं घरी पोचली. डेल्बर्टने ब्रेडवर हॅम मांडलं. व्हर्नाने फ्रीजमधून लोणच्याची बरणी काढली. एरवी ती आधी नळाखाली हात ओले करून यायची. आज कोरड्या हातांनीच तिने बरणी त्याच्यासमोर ठेवली.

“उघड.”

डेल्बर्टने बरणी पोटाशी धरून झाकण पिळलं. कट्ट आवाज आला. मग झाकण तसंच वर ठेवून, जरासं सैल करून, त्याने बरणी तिच्याकडे सरकवली. “तूच बघ. निघतंय बहुतेक.”

व्हर्नाने बरणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“पूर्ण उघड, डेल्बर्ट,” ती म्हणाली आणि बरणी परत त्याच्याकडे सरकवली.