स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा

शालिनीने फ्रिजची पिन ओढून काढली आणि ती पुन्हा कुणी लावू नये म्हणून बोर्डासमोर स्टूल आडवं ठेवलं. गीझर बंद होता, टीव्ही बंद होता, पाण्याची मोटर तर तिने दुपारीच चालवून घेतली होती. लक्ष्मीपूजन नुकतंच आटोपलं होतं. समई तेवत होती, तेवढा उजेड लक्ष्मीला पुरे होता.

"अगं, फ्रिजने काय घोडं मारलंय?" मागच्या खोलीतून गजेंद्रने विचारलं.

"मागे मिक्सर लावला तर फ्यूज उडाला होता. मशीन बंद होतं म्हणून वाचलो. श्रीखंड काही तासाभरात आंबत नाही."

दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. शालिनी या दिवशी साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायली असती.

मागच्या खोलीत ते कपाटाएवढं यंत्र उभं होतं. गजेंद्र खताच्या कारखान्यात संगणक सांभाळायचा, तेव्हा अर्धा कारखाना त्या एका यंत्राच्या तालावर चालत असे. पुढे नवे संगणक आले, हे भंगारात निघालं, आणि करजणच्या भंगारवाल्याकडून गजेंद्रने ते टेम्पोत घालून फतेगंजच्या घरी आणलं. पांढरा हत्ती आणलात, असं शालिनी तेव्हा म्हणाली होती. पण त्यांची मुलगी देवश्री इंजिनिअरिंगला होती. तिने त्या हत्तीला कामाला लावलं. घराभोवतीच्या दिवाळीच्या माळा त्याला जोडल्या. कुठली माळ कधी लागायची आणि कधी विझायची हे तिने यंत्राच्या पुढ्यातल्या खटक्यांवरून, एकेक खटका वरखाली करत, त्याच्या स्मृतीत भरलं.

आधी गच्ची उजळायची, मग बाल्कनी, मग जास्वंदीचं झाड, मग फाटक. मग सगळं विझायचं. आणि बाहेरच्यांना वाटायचं की झालं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतला एकच दिवा लागायचा.

"हा तू आहेस, आई," देवश्रीने सांगितलं होतं. "आम्ही सगळे रिक्षात बसतो, निघतोसुद्धा, आणि तू अजून गॅस बंद आहे का बघतेस."

"मग माझ्यासाठी थांबत का नाही कुणी?" शालिनीने लटक्या रागाने विचारलं होतं.

"तू वेळेवर ये, मग थांबतील."

पुढच्या वर्षी नवरात्रात देवश्रीला ताप आला आणि कोजागिरीच्या आत ती गेली. त्या वर्षी घरात दिवाळी झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गजेंद्रने यंत्र सुरू केलं तेव्हा शालिनी अंगणात पाठ फिरवून उभी होती. शेजारच्या हंसाबेनने तिला खांद्याला धरून वळवलं, म्हणून तिने पाहिलं. गच्ची, बाल्कनी, जास्वंद, फाटक. आणि या वेळी काहीच विझलं नाही. खिडकीतला दिवा लागेपर्यंत सगळे दिवे थांबून राहिले, मग सगळे मिळून विझले.

पोरीने जाण्याआधी कधीतरी, काही न बोलता, ते बदलून ठेवलं होतं. शालिनी ढसाढसा रडली. नंतरच्या सगळ्या वर्षांत तिला दुसरी कुठलीही समजूत लागली नाही. माझ्यासाठी थांबली माझी लेक, एवढी एकच तिला पुरली.

भीती होती ती यंत्राची. देवश्रीनेच तिला समजावलं होतं, की आत मोहरीएवढ्या लोखंडी बांगड्या तारांमध्ये ओवलेल्या आहेत आणि त्यांत लिहिलेलं यंत्र बंद केलं तरी वर्षानुवर्षं टिकतं. फक्त चालू असताना वीज जाता कामा नये. वाचताना ते पुसतं आणि लगेच परत लिहितं. मधेच वीज गेली तर गेलं. त्याची नक्कल उतरवून घेणारं उपकरण केव्हाच मोडलं होतं, आणि घरातला इन्व्हर्टर त्या धुडापुढे मान टाकत असे. म्हणून वर्षातून एकदाच, जीव मुठीत धरून.

"नकोच या वर्षी," ती खोलीच्या दारात येऊन म्हणाली. "सगळ्या सोसायटीने काय रोषणाई केलीय बघा. मघाशी दोनदा दिवे मंद झाले."

"दरवर्षी हेच म्हणतेस."

"पुसलं गेलं म्हणजे? तुम्हाला तरी परत भरता येणार आहे का?"

गजेंद्रने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मला कुठलं येतंय. तिचं तिलाच ठाऊक," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली.

पंखे घरघरले. शालिनी बाहेर येऊन अंगणातल्या हिंचक्यावर बसली. तिथे हंसाबेन आणि गल्लीतली चार माणसं जमली होतीच.

"शालिनीबेन, चालू थयुं?" हंसाबेनने विचारलं.

"थाय छे, थाय छे," शालिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

गजेंद्र येऊन तिच्या शेजारी टेकला. गच्ची उजळली. माळा चालू-बंद करणाऱ्या रिलेचा खट्‌ असा आवाज आतून येत होता आणि प्रत्येक आवाजाला तिच्या छातीत धस्स होत होतं. बाल्कनी. जास्वंद. फाटक उजळलं, तिने खिडकीकडे मान वळवली, आणि सगळी गल्ली काळी झाली.

कुणीतरी गमतीने शिट्टी मारली. शालिनीने चाचपडत हिंचक्याची साखळी धरली. गेली, एवढंच तिला कळत होतं. कोजागिरीच्या आत गेली होती ती अर्धीच गेली होती. उरलेली आता गेली.

"मी बघतो," गजेंद्र म्हणाला. त्याची पावलं घाईने आत गेली.

"आवशे हमणां," हंसाबेन अंधारात तिची पाठ थोपटत म्हणाली. वीज आलीही. समोरची रोषणाई भपकन पेटली, पोरं ओरडली. यांच्या माळा तेवढ्या विझलेल्याच राहिल्या. हिंचक्यावर गजेंद्रचा चष्मा पडला होता. चष्म्याशिवाय त्याला ताटातली कोशिंबीर कसली आहे ते दिसत नसे. शालिनीने तो उचलला आणि ती आत निघाली. तो तिथे बसून रडत असेल, अशी तिला खात्री होती.

दार अर्धवट उघडं होतं. गजेंद्र यंत्रापुढे स्टुलावर ताठ बसला होता. डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते, देवापुढे रामरक्षा म्हणताना हलायचे तसेच, आणि दोन्ही हातांची बोटं खटक्यांवरून फिरत होती. वर, वर, खाली. एक कळ दाबायची, पुन्हा वर, खाली, खाली. कुठे अडत नव्हती, कुठे चुकत नव्हती. आजच पहिल्यांदा भरणाऱ्या माणसाची ती बोटं नव्हती.

शालिनी चष्मा हातात धरून उभी राहिली. देवश्रीने भरलेलं तर आधीच पुसलं गेलं होतं. कधी, कुठल्या वर्षी, हे विचारायची गरज नव्हती. ज्या वर्षापासून दिवे थांबायला लागले, त्या वर्षी. ती भिंतीला टेकली आणि आवाज न करता मागे फिरून हिंचक्यावर येऊन बसली.

थोड्या वेळाने गच्ची उजळली. बाल्कनी, जास्वंद, फाटक. सगळे दिवे थांबले. मग खिडकीतला लागला. बाहेर टाळ्या पडल्या.

गजेंद्र अंगणात आला. कपाळावर घाम होता. "बघ," तो म्हणाला, "काही गेलं नाही. तिचं आहे तसं आहे."

शालिनीने चष्मा पुढे केला.

"इथेच विसरला होतात. द्यायला आत आले होते मी."

त्याने चष्मा घेतला, पण डोळ्यांना लावला नाही. तिच्या तोंडाकडे तसाच बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी भीती तिने कधी पाहिली नव्हती. म्हणजे आपण एकट्याच भीत नव्हतो, तिच्या मनात आलं. इतकी वर्षं हा माणूस शेजारी बसून याच एका क्षणाला भीत होता.

"ती नसती थांबली," शालिनी हळूच म्हणाली. "लबाड होती."

"नसती," गजेंद्र म्हणाला. मग त्याने चष्मा डोळ्यांना लावला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. स्टूल बाजूला केलं आणि फ्रिजची पिन लावली. मागच्या खोलीत यंत्र चालूच होतं. मग तिने टीव्हीचं बटण दाबलं, गीझरचंही दाबलं. खिडकीतला दिवा तिच्या डोक्यावर लागत होता, विझत होता.

"शालिनी," अंगणातून हाक आली, "येतेस ना बाहेर?"

"आले," ती म्हणाली, आणि गॅस बंद आहे का ते पुन्हा एकदा बघायला वळली.