तेजोबाबांचे चारशे साठ वॅट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि डोकं ठेवायला फक्त बाबांचे पाय होते. व्यासपीठावर तेजोबाबा, त्यांच्या डोक्यामागे पाच बल्बांची कमान, समोर पितळी मुठींची खुर्ची. आजारी माणसाने मुठी धरायच्या. मग भिंतीतली वीज म्हणे त्याच्या देहातून फिरायची, रोग जाळायची आणि पुढे कमानीत जाऊन बल्ब पेटवायची. माणूस खुर्चीतून जिवंत उतरायचा. एवढ्यावरच लोक खूश होते.

आज माझ्या मामाची तिसरी बैठक होती. मामाला पंधरा वर्षं मधुमेह. बाबांच्या सांगण्यावरून त्याने परवापासून इन्सुलिन बंद केलं होतं, आणि सकाळी साखर चारशेच्या वर गेली होती. बाबांना फोन केला तर म्हणाले, "साखर बाहेर पडताना दिसणारच." मामाला हे पटलं. मामाला सगळंच पटतं, फक्त मामीचं सोडून.

मामी विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करते. जळकी तार काढायची, नवी भरायची. गिऱ्हाईक "काही नाही हो, आपोआप बंद पडली" म्हणालं, की ती नुसत्या वासावरून सांगते किती तास जाळलीत ते.

बाबांची चूक अशी, की विज्ञानाचा रुबाब यावा म्हणून त्यांनी खुर्चीशेजारी व्होल्ट आणि अँपिअर मोजणारे दोन मीटर बसवले होते. तेही खरे. खोटे बनवून घेण्यापेक्षा खरे स्वस्त पडतात.

"वत्सा, धर!" बाबा म्हणाले. मामाने धरलं. कमान लखलखली, काटे उठले, टाळ्या पडल्या.

"पाहा! दोनशे तीस व्होल्ट! दोन अँपिअर! ब्रह्मांडाचं क्वांटम चैतन्य या देहाच्या अणुरेणूतून आठव्या मितीत..."

मामी उभी राहिली. "बाबा, दोनशे तीसला दोनने भागलं की किती?"

"माते, इथे भागाकार नसतो. इथे अद्वैत आहे."

"एकशे पंधरा. म्हणजे विजेच्या वाटेत सगळा मिळून रोध एकशे पंधरा ओहम. आमच्या यांच्या एकट्याच्या अंगाचाच हजाराच्या आसपास निघेल. हात कोरडे असतील तर कितीतरी जास्त. हे जर वाटेत बसलेत, तर काटा दोनवर चढलाच कसा?"

"श्रद्धेने रोध विरघळतो!"

"बरं, विरघळला. आता गुणाकार. दोनशे तीस गुणिले दोन, चारशे साठ वॅट. बल्बांवर आकडे छापलेत ते इथून दिसतात मला. कडेचे चार शंभरचे, मधला साठचा. बेरीज कोण करतंय?"

"चारशे साठ!" पहिल्या रांगेतले निवृत्त पोस्टमन ओरडले. बक्षीस असेल अशी त्यांची समजूत झाली असावी.

"म्हणजे सगळी वीज बल्बांनीच खाल्ली. यांच्या वाट्याला काय आलं?"

"शून्य," पोस्टमन म्हणाले. या वेळी जरा हळू.

"आणि यांच्या छातीतून दोन अँपिअर खरंच गेले असते ना, तर त्याच्या विसाव्या हिश्श्यातच माणूस संपतो."

"अगं, पण मला मुंग्या येतायत!" खुर्चीतून मामा.

"इतकं आवळून बादलीची कडी धरलीत तरी येतील."

बाबांनी शेवटचं अस्त्र काढलं. डोळे मिटून ते समाधीत गेले.

मामी व्यासपीठावर चढली, मामाच्या कानाशी वाकली. "अहो, सोडा."

"मध्येच सोडलं तर झटका बसतो म्हणालेत."

"मी सांगतेय ना. सोडा."

मामाने मुठी सोडल्या. उठला. बाजूला झाला. कमान लखलखतच होती.

"जळतेय!" बाबा मिटल्या डोळ्यांनी गर्जले. "रुग्णाची साखर जळतेय! स्वादुपिंड जागं होतंय!"

खुर्चीला स्वादुपिंड नव्हतं. आधी कुणीतरी एक जण हसला, मग सगळं सभागृह.

बाबांनी डोळे उघडले, रिकामी खुर्ची पाहून दचकले आणि त्यांची टाच उचलली गेली. बल्ब विझले. मामीने गालिचा ओढला. टाचेखाली बटण, बटणापासून तार थेट कमानीला. मग तिने खुर्ची आडवी केली. मुठींच्या तारा खाली एका खिळ्याला बांधल्या होत्या. छान गाठ मारून.

"माते, तुझ्या अविश्वासाने प्रयोग बिघडला!"

"गप बसा! माणूस मारायला निघाला होतात!" मामीचा आवाज पहिल्यांदाच चढला.

मामा खिळ्याकडे बघत होता. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "म्हणजे दोन दिवस मी याच्या भरवशावर होतो?"

"चला दवाखान्यात," मामी म्हणाली. तो गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच वाद न घालता.

डॉक्टरांनी सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं आणि म्हणाले, "आणखी एक दिवस काढला असता, तर यांना बेशुद्धच आणावं लागलं असतं."

तेव्हापासून, ही गोष्ट सांगण्यापुरतं सोडलं तर, मी त्या माणसाला बाबा म्हणत नाही. आजाऱ्याचं औषध काढून घेऊन त्याच्या हाती खिळा देणाऱ्याला साध्या मराठीत जो शब्द आहे, तोच वापरते: भोंदू. पोलीस तक्रारीतही तोच लिहिलाय.

तुमच्या गल्लीतही कुणीतरी येईल, आकडे दाखवेल, डोळे मिटायला सांगेल. मिटू नका. तो आकडा कशातून आला ते विचारा आणि कागद-पेन्सिल घ्या. चमत्काराला नमस्कार करायचाच असेल, तर आधी भागाकार करा. औषध मात्र तोवर चालू ठेवा.