हॅस्केलबाईंच्या मुली

धम्मदीपा अमेरिकेहून जर्मनीला, आमच्या घरी परत आली तेव्हा तिच्या वडिलांना वाटलं, पोरगी उंच झाली. उंच नव्हती झाली. ताठ झाली होती.

चार वर्षं ती तिकडच्या एका लहानशा कॉलेजात स्कॉलरशिपवर बास्केटबॉल खेळली. तिथल्या कोच लोरेन हॅस्केल. किरकोळ अंगाची, साठीतली बाई. टीमच्या फोटोत नेहमी अगदी कडेला उभी. युरोपातल्या बऱ्याच क्लबांत या बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली खेळत होत्या. "हॅस्केलची मुलगी म्हटलं की क्लबवाले व्हिडिओसुद्धा बघत नाहीत, सरळ करार करतात," असं दीपा अभिमानाने सांगायची. २०१४च्या उन्हाळ्यात आम्ही राहतो त्या हॅनोव्हरच्याच एका क्लबने तिलाही घेतलं.

माझं, म्हणजे तिच्या आईचं, अर्धं आयुष्य इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये धातूंना पडणाऱ्या बारीक भेगा बघण्यात गेलं. बास्केटबॉल मला कळत नाही. त्यामुळे मॅचमध्ये बॉलकडे माझं लक्ष नसतं, पोरीकडे असतं. म्हणूनच ते मला दिसलं असावं.

पहिलीच मॅच होती. पाहुण्यांच्या टीममध्ये एक अमेरिकन होती, रोशेल नावाची, दीपापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, तीही हॅस्केलबाईंच्या हाताखालची. खेळ रंगात आला होता, आणि मध्येच दीपाने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. आपल्याला कुणी हाक मारली की आपण बघतो ना, तसं. त्याच क्षणी कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला रोशेलनेही मान वळवली. तशीच, डावीकडेच. तिथे कुणी नव्हतं, नुसती भिंत होती. मग दोघी एकदम धावल्या, एकाच जागेकडे, आणि बॉल नंतर तिथे आला.

"बघितलंस? काय अंदाज आहे पोरीचा!" तिचे बाबा, धम्मपाल, टाळ्या वाजवत म्हणाले.

"अहो, त्या दोघींना कुणीतरी हाक मारली."

"एवढ्या गोंगाटात?"

त्या दिवशी हे आणखी तीन-चारदा झालं. प्रत्येक वेळी दोघींच्या माना एकदम वळल्या.

मॅच संपल्यावर आम्ही बाहेर कॉफी घेत उभे होतो. रोशेल लंगडत आली. दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. तिने दीपाचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "तुलाही ऐकू येतं ना?"

दीपा हसली. मग तिचं हसू गेलं.

"मला वाटलं, कॉलेज सुटलं की थांबेल," ती म्हणाली.

"नाही थांबत," रोशेल म्हणाली, आणि आपल्या बसकडे गेली.

ट्राममध्ये मी दीपाला विचारलं, "काय ऐकू येतं गं?"

"काही नाही गं आई. कोचचा आवाज. चार वर्षं कुणाच्या हाताखाली राहिलं की तो डोक्यात बसतोच. सगळ्यांच्याच बसतो. आल्झो, म्हणजे नॉर्मलच आहे."

"पण तुझ्या कोचना आवाज कुठाय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. हॅस्केलबाईंना घशाचा कॅन्सर झाला होता. दीपा तिथे जायच्या आधीच त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. त्या शिट्टी आणि टाळ्यांवर प्रॅक्टिस घ्यायच्या, अगदीच गरज पडली तर गळ्याला एक लहान यंत्र लावून बोलायच्या. हे दीपानेच आम्हाला कौतुकाने सांगितलं होतं.

"आधीचा असेल," ती शेवटी म्हणाली.

आमच्या घरात अंगात येणं, भूतबाधा असल्या गोष्टींना थारा नाही. माझ्या सासऱ्यांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या आणि त्या आम्हा सगळ्यांना तोंडपाठ करायला लावल्या होत्या. जे दिसतं ते तपासावं, जे तपासता येत नाही ते आहे म्हणू नये. मीही तसंच ठरवलं.

मग डिसेंबरात दीपाचा डावा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लिगामेंट अर्धवट फाटलंय, खेळायचं नाही. ती पट्टा बांधून खेळत राहिली. मी ओरडले, तिचे बाबा ओरडले. "मला थांबता येत नाही," एवढंच ती म्हणायची. "थांबायचं नाही" असं नाही म्हणायची. हा फरक मला उशिरा कळला.

जानेवारीतल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर ती सोफ्यावर झोपली होती. बाहेर बर्फ पडून गेला होता, घरात लख्ख उजेड होता. मी समोर बसून मोज्याला टाके घालत होते.

"अगेन."

आवाज घोगरा, जाड, म्हाताऱ्या बाईचा. कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. मी दीपाच्या तोंडाकडेच बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते.

ती उठली. डोळे बंद. पॅसेजमध्ये गेली, गुडघे वाकवले, हात पसरले आणि आडवी सरकत दारापर्यंत गेली. दाराला हात लावला, परत आली. पुन्हा गेली. दुखऱ्या पायावर सगळा भार टाकत होती. चेहऱ्यावर वेदना नव्हती, काहीच नव्हतं. खालच्या फ्राऊ लिंडनरनी रूहेत्साइट, म्हणजे रविवारची शांततेची वेळ, मोडल्याबद्दल छताला काठी ठोकायला सुरुवात केली. मी दीपाला मागून मिठी मारली. ती मलासुद्धा ओढत दोन पावलं सरकली. तेवढ्यात तिला जाग आली आणि ती किंचाळली. पाय धरून खालीच बसली.

"आई, तू ऐकलंस?" तिने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण मी हो म्हणाले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला वाटतं, आपल्याला वेड लागलेलं नाही या सुटकेचंच ते रडणं असावं.

मार्चमध्ये हॅस्केलबाई हॅनोव्हरला आल्या. आमच्या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये सतरा वर्षांची एक मुलगी होती, तिला कॉलेजसाठी बघायला. दीपाची प्रॅक्टिस त्याच हॉलमध्ये असायची. मी सुट्टी घेऊन गेले. बाई वरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या, गळ्याला रुमाल. मी शेजारी जाऊन बसले, ओळख सांगितली.

त्यांनी ते यंत्र गळ्याला लावलं. "तुमची मुलगी माझ्या सगळ्यांत चांगल्या मुलींपैकी एक." सपाट, घरघरता आवाज, त्यात चढ नाही की उतार नाही.

"ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज कसा होता?" मी विचारलं.

त्या चमकल्या. "बारीक. चिमणीसारखा. मुली नक्कल करायच्या. का?"

"घोगरा नव्हता? जाडा? म्हातारीसारखा?"

बाईंच्या हातातलं यंत्र खाली मांडीवर आलं. खाली कोर्टवर बूट करकरत होते. मग त्यांनी ते पुन्हा उचललं.

"तुम्ही ऐकलंत? तुम्ही स्वतः?"

"माझ्या घरात. 'अगेन' म्हणाला."

"त्या मिसेस डाल," हॅस्केलबाई म्हणाल्या. "माझ्या कॉलेजच्या कोच. मी शिकवायला लागले त्याच्याही आधी वारल्या. त्यांचं नाव मी एकाही मुलीला सांगितलेलं नाही." "मला रोज ऐकू यायच्या. माझा घसा काढला त्या दिवसापर्यंत. मला वाटलं, माझ्याबरोबर संपल्या."

खाली दीपाने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. या वेळी मी दीपाकडे न बघता बाईंकडे बघत होते. त्यांनीही तेव्हाच मान वळवायला घेतली आणि मोठ्या कष्टाने थांबवली. त्यांना ऐकू आलं नव्हतं. पण कधी येणार, हे त्यांच्या मानेला अजून ठाऊक होतं.

दीपा उडी मारून पडली. गुडघा धरून तशीच उठायला लागली. तिचा चेहरा पॅसेजमध्ये होता तसा झाला होता. डोळे उघडे होते, एवढाच काय तो फरक.

हॅस्केलबाई पायऱ्या उतरून थेट कोर्टवर गेल्या. मी मागे धावले. त्या दीपासमोर उभ्या राहिल्या, यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "सिट."

दीपा त्यांच्याकडे बघतच राहिली. अर्धवट उठलेली, पाय लटपटतोय.

"त्यांनी आम्हाला कधी बस म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "मीही तुम्हाला म्हटलं नाही. मला तो शब्द येतच नव्हता. आता म्हणते. सिट डाऊन, चाइल्ड."

दीपा बसली. हॉलमध्ये सगळ्या थांबल्या होत्या. बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. ज्या मुलीला बघायला आल्या होत्या तिच्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. मुलीच्या वडिलांना जाताना एवढंच म्हणाल्या, दुसरं कॉलेज बघा. त्या वर्षीच त्यांनी काम सोडलं.

ऑपरेशन झालं. दीपा वर्षभर घरी होती. आवाज परत आला नाही. रोशेलचा फोन आला होता, तिचाही थांबला म्हणाली, आणि आपल्याला झोप लागत नाही असंही म्हणाली.

पुढच्या हंगामात दीपा पुन्हा उतरली. पहिल्याच मिनिटात तिच्या हातात बॉल आला आणि ती थांबली. मान कुठेच वळली नाही. डावीकडे एक मुलगी मोकळी होती, मलासुद्धा दिसत होती. दीपाला दिसली नाही. समोरच्यांनी बॉल काढून नेला.

मॅचनंतर ती माझ्याशेजारी येऊन बसली. घामाने निथळत होती.

"आई, फार शांत असतं गं तिथे," ती म्हणाली. "काय करायचं तेच कळत नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. क्लबने त्या वर्षअखेरीला तिचा करार वाढवला नाही. एका खालच्या लीगमधल्या टीमने घेतली. तिथे ती दोन वर्षं खेळली, बेताचंच. दुसऱ्या वर्षी एकदा तिने चुकीच्या बाजूला पास दिला आणि स्वतःच मोठ्याने हसली. इतकं, की रेफरीने तिच्याकडे वळून पाहिलं.