तिसऱ्या बोगद्यातला टेकू

मी टेकू बोलतोय. सात फूट उंच, मांडीएवढा जाड, लाकडाचा. डोंगराच्या पोटात, तिसऱ्या बोगद्यात उभा आहे. बोलतोय ते घाबरत घाबरतच. उभ्या जन्मात भीतीशिवाय दुसरं फारसं काही माझ्या वाट्याला आलं नाही.

याच डोंगराच्या उतारावर मी वाढलो. झाड होतो तेव्हा डोक्यावर नुसतं आभाळ. मुळांना मात्र खाली काहीतरी पोकळ असल्याचं जाणवायचं. सुरुंग उडाले की माती थरथरायची. मग एक दिवस करवत आली, आणि जे मुळांना जाणवत होतं तिथेच मला नेलं.

मला उभं केलं मिस्त्रींनी. खाणीतलं सगळं लाकूडकाम त्यांच्याकडे. पायाशी फळकूट, माथ्याशी आडवी फळी, दोन पाचरी ठोकल्या आणि मी छताला भिडलो. त्या क्षणी डोंगराचं वजन माझ्यावर आलं. तेव्हा भरलेली धडकी अजून उतरलेली नाही.

बोगद्यात पांढऱ्या गारगोटीतून शिशाची करडी, चकचकीत शीर गेली होती. तिच्यात थोडी चांदीही होती. त्या शिरेचा माग काढत माणसं आत आत खणत गेली. पण शिरेच्या वर, छतात, वीतभर जाडीचा चिकणमातीचा थर होता. नव्या कामगाराला मिस्त्री तो बोटानं दाखवत.

"फार पूर्वी हा डोंगर इथे तुटून घसरलाय. दगडावर दगड घासला, त्याचं पीठ झालं, ती ही माती. कोरडी आहे तोवर ठीक. भिजली की साबण."

मुकादम म्हणजे मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेला हुकूम म्हणजे त्याला ब्रह्मवाक्य. शीर बारीक होत गेली तसा हुकूम आला. छताच्या आधारासाठी जे दगडी खांब न खणता राखले होते, त्यांतही शिसं आहे, तेही काढा.

"दाजी, बसलोय तीच फांदी तोडायची का?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमचे टेकू आहेत ना? मग झालं तर."

झालं तर कसलं. एकेक दगडी खांब गेला आणि त्याचा भार सरकत माझ्याकडे आला. अंगातले धागे ताणले, मी कुरकुरू लागलो. मिस्त्री रोज पाळी सुरू व्हायच्या आधी येऊन माझ्यावर तळहात ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. "मिस्त्री टेकूची नाडी बघतात," अशी कामगार थट्टा करत. पण थट्टा करणाराही मिस्त्रींनी मान हलवल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

एका सकाळी छतातून थेंब पडला. गढूळ, करडा. मिस्त्रींनी तो बोटांत चोळला आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझ्या कमरेत काडकन तडा गेला.

"चला, बाहेर," मिस्त्री म्हणाले. आवाज चढवला नाही. अवजारं तिथेच टाकून माणसं निघाली.

बोगद्याच्या टोकाला मात्र ड्रिल चालूच होतं. वीस वर्षांत त्या मशीननं ड्रिलवाल्याला ठार बहिरं करून टाकलं होतं. मिस्त्री त्याच्याकडे धावले, खांद्याला धरून त्याला माझ्यापाशी ओढत आणलं आणि त्याचा हात माझ्यावर दाबून धरला. तेवढं पुरलं. तो जो पळाला तो थेट उजेडात.

मिस्त्रींचे गुडघे धरलेले, ते मागे पडले. ड्रिलवाला एकटाच बाहेर आलेला पाहून मुकादम आत शिरला. तो मिस्त्रींपाशी पोचतो न पोचतो तोच छत खाली आलं.

आवाज आठवत नाही. आठवतं ते ओझं. दोन्ही बाजूंनी बोगदा बुजला आणि मधे, माझ्या आधारानं, दोन खाटा मावतील एवढी जागा उरली. तिथे हे दोघं.

दिवे संपले. अंधारात मुकादमानं विचारलं, "मिस्त्री, काय म्हणतंय तुमचं लाकूड?"

मिस्त्रींचा हात माझ्यावर होता. मी आतून तुटत होतो, एकेक धागा, आवाज न करता. त्यांना ते कळत होतं. त्यांची बोटं गार पडली होती.

"काही नाही. झोपलंय."

"खरं सांगताय?"

"माझ्याच बहिणीच्या नवऱ्याशी खोटं बोलून कुठे जाऊ, दाजी? तुम्हीही झोपा."

बऱ्याच वेळानं मुकादम म्हणाला, "तुमचं ऐकायला हवं होतं मी." मिस्त्रींचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं, आणि माझं वरच्या ओल्या मातीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडांतून पहारीचं टोक आत आलं, पाठोपाठ ड्रिलवाल्याचा हात. आधी मुकादम बाहेर सरकला. मिस्त्री निघताना मला पुटपुटले, "अजून दोन मिनिटं. तेवढं धर."

दोन मिनिटं धरलं. मग चाळीस वर्षं गेली. खाण बंद झाली, बोगद्यात घोटाभर पाणी साचलं, बुरशीनं मला आतून पोखरलं. वरचे दगड एकमेकांत कसेबसे अडकून बसलेत. त्यांना तोलणारा मी नाही. माझी फक्त साल उभी आहे.

गेल्या आठवड्यात इथे उजेड आला. शिसं पुन्हा हवंय म्हणे. जुन्याच भगदाडातून एक इंजिनियर आणि एक मोजणीवाला आत आले.

"चाळीस वर्षं टेकू उभा आहे," इंजिनियर म्हणाला. "म्हणजे छत पक्कं."

"ठोकून बघू का, साहेब?"

"कशाला? दिसतंय ना. सोमवारी पंधरा माणसं आणू." आणि त्यानं माझ्या छातीवर बरोबरची हिरवी खूण रंगवली.

आज शनिवार असावा, की रविवार, मला इथे कळत नाही. आत येणाऱ्यांनो, मी उभा दिसतोय म्हणून माझ्यावर भरवसा ठेवू नका. त्या हिरव्या खुणेवर नुसतं बोट दाबून बघा. ते आत जाईल.